कालवा अभ्यास दौरा, स्वखर्चाने

सुनील भोईर बायकोला घेऊन ॲमस्टरडॅमला जाणार, ही बातमी कडावात त्याने स्वतः फोडली नाही. ती फोडली त्याच्या आईने, सोनाबाईने, गिरणीवर तांदूळ दळता दळता. "आमचा सुनील नी सूनबाय परदेशात कालवं बघाया चाललेत," एवढंच ती म्हणाली. वाक्यात खोटं काही नव्हतं. पुढे जे रामायण झालं ते सगळं या खऱ्या वाक्यामुळे झालं.

कडाव हे कालव्याचं गाव. डोंगराखालच्या वीजघरातून सुटलेलं पाणी हिवाळ्यात गावापर्यंत येतं, त्यावर उन्हाळी भात उभं राहतं आणि त्या पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. इथे कालवा ही बघायची वस्तू नाही, भांडायची आहे. स्वतःच्या खिशातले पैसे घालून कुणी कालवा बघायला जाईल, हे गावाच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. तेव्हा दळण संपेपर्यंत गिरणीवर असं ठरलं, की सुनीलला सरकार पाठवतंय. संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला आलेल्यांनी त्यात भर घातली, की तिकडचे कालवे बघून आल्यावर सुनील आपला कालवा नीट करणार. सुनील खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात स्टोअर्स खात्यात आहे, त्याचा आयुष्यात कालव्याशी संबंध आला तो पोहण्यापुरता आणि एकदा चप्पल वाहून गेली तेवढ्यापुरता, ही गोष्ट कुणाला आड आली नाही.

नम्रताला तर कालवासुद्धा बघायचा नव्हता. तिला बसायचं होतं. पाण्याच्या कडेला, हाताला काम नसताना, कुणी हाक न मारता, नुसतं. ती कर्जतच्या एका पतपेढीत रोखपाल आहे. दिवसभर लोक तिला काचेच्या खिडकीतून हाका मारतात, आणि घरी आल्यावर काच नसताना मारतात. तिने हे सुनीलला सांगितलं तेव्हा सुनील म्हणाला, "मग आपल्या कालव्यावर बस की. फुकट आहे."

ती एकदा बसलीही होती, एका रविवारी दुपारी. पहिला माणूस आला तो विचारून गेला, "वैनी, पाळी कुनाची हाय आज?" दुसऱ्याने विचारलं, "घरात भांडन झालं काय?" तिसऱ्याने काहीच विचारलं नाही. त्याने थेट चौक गावी नम्रताच्या भावाला फोन लावला. भावाचं, राजेशचं, चौकला हायवेवर गॅरेज आहे. उघडलेलं इंजिन तसंच टाकून तो मोटारसायकलवरून आला आणि काळ्या हातांनीच सुनीलची समजूत काढायला बसला. सुनील दुपारचा झोपला होता. आपण बायकोला काय केलं, हे त्याला चहा होईपर्यंत कळलं नाही.

तेव्हापासून नम्रताने ठरवून टाकलं, की बसायचं तर जिथे आपल्याला ओळखणारं कुत्रंही नाही अशा ठिकाणी. ॲमस्टरडॅम तिने पतपेढीतल्या कॅलेंडरवर पाहिलं. गावभर कालवे, काठाला झाडं, झाडाखाली बाक आणि बाकावर एक बाई. त्या बाईला कुणीही काहीही विचारत नव्हतं. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा सुनीलने मोठ्या मनाने विचारलं, "बोल, काय पाहिजे?" तिने दागिना मागितला असता तर स्वस्तात सुटला असता. तिने तो बाक मागितला.

आता सुनीलविषयी एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या खात्यात झाडूसुद्धा तीन कोटेशनं मागवल्याशिवाय घेत नाहीत, आणि ही रीत त्याने संसारातही आणलेली. घरचा पंखा, आईचा मोतीबिंदू, पोरीच्या हॉस्टेलची गादी, सगळं तीन कोटेशनांतून गेलेलं. युरोपचीही त्याने तीनच मागवली. पहिलं वाचून तो पाणी प्यायला. दुसऱ्यात युरोप पुष्कळ होता पण ॲमस्टरडॅम अर्धाच दिवस, आणि त्या अर्ध्या दिवसातही हिऱ्यांचं दुकान.

"म्हणजे मी बसणार कधी?" नम्रताने विचारलं.

"बसमध्ये बसायचंच आहे की सगळं," सुनील म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते कोटेशन घडी घालून ठेवलं.

तिसरं कोटेशन हर्षदचं. हर्षदचं दुकान कर्जत स्टेशनबाहेर. तिथे यात्रा, झेरॉक्स, पॅन कार्ड, पासपोर्ट फोटो आणि गणपतीच्या दिवसांत मखरं मिळतात. स्वतः हर्षद विमानात एकदाच बसला होता, आणि ते विमान धुक्यामुळे उडालं नव्हतं. पण बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, युरोप याच्या परसात आहे.

"भोईरसाहेब, फेब्रुवारीत जायचं. फेब्रुवारीत तिकडे कोणी जात नाही, म्हणून सगळं स्वस्त."

"का जात नाही कोणी?"

"थंडी असते ना."

तिकीट खरोखरच स्वस्त होतं. वाटेत विमान दोनदा बदलायचं होतं, जेवण आपापलं होतं, आणि एकदा काढलं की परतावा नाही, तारीख बदलायची नाही, नाव बदलायचं नाही. शिवाय ती सवलत त्याच संध्याकाळी संपत होती.

"पण व्हिसाच्या आधी तिकीट?" सुनील जरा चाचरला.

"साहेब, तुम्ही काय बँक बुडवून पळताय? व्हिसा काय, देतातच."

सुनीलने तिकिटं काढली. स्वस्त वस्तू हातची सोडली तर त्याला रात्री झोप लागत नाही. राहायलाही त्याने सगळ्यात स्वस्त शोधलं, एका खोलीत आठ पलंग, खाली चार, वर चार. नम्रताने फोटो बघितला. "आठ जण? मग आपलं घर काय वाईट आहे?" म्हणाली. शेवटी शहराबाहेर एका लाँड्रीच्या माडीवरची खोली मिळाली. तिच्याबद्दल चांगलं म्हणण्यासारखं एकच होतं, की तिला दार होतं.

फेब्रुवारी हा कडावात पाण्याचा महिना. लावणी झालेली असते, आणि कालव्याची पाळी कुणाची पुढे, कुणाची मागे हे कालवा समितीचे अध्यक्ष येसाजीअण्णा ठरवतात. अण्णांनी गावात अनेक वर्षं अनेक पदं भूषवली, आणि त्या प्रत्येक पदाचा एक एक शिक्का त्यांच्या घरी टेबलाच्या खणात आहे. "शिक्का नाय तो कागद नाय," हे त्यांचं तत्त्वज्ञान. पोरगं कॉलेजात घालायचं असो की म्हशीचा विमा काढायचा असो, कडावचा माणूस आधी अण्णांकडे जाऊन शिफारसपत्र घेतो आणि मग पुढे जातो. पत्राचा उपयोग होतो की नाही हे कुणी पाहिलेलं नाही. पण पत्र नसल्यामुळे काम अडल्याचं मात्र प्रत्येकाला माहीत आहे.

बातमी कानावर गेल्यावर अण्णा स्वतः सुनीलच्या ओटीवर आले.

"काय रं सुनील, दौऱ्यावर चाललास नी आमाला बोलला नाय?"

"दौरा नाही अण्णा. आम्ही दोघं असंच जातोय. फिरायला."

"कालवं बघाया ना?"

"हो, म्हणजे... बघायला."

"मग दौराच की तो," अण्णा म्हणाले. "पैसं कोन देतो?"

"मीच."

अण्णांनी सुनीलच्या खांद्यावर हात ठेवला. गावच्या कालव्यासाठी स्वतःचा पैसा घालणारा माणूस त्यांच्या हयातीत पहिलाच. "येवढं कुनी केलं नाय गावासाठी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच जड झाला. आतून नम्रता चहा घेऊन आली, तिने अण्णांना चहा दिला, सुनीलकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेली. त्या बघण्याचा अर्थ होता की आत्ताच काय ते सांगून टाका. सुनीलला अर्थ कळला होता. पण खांद्यावर अण्णांचा हात होता आणि तो खांदा त्या स्पर्शाने जरा उंचच झाला होता.

पुढच्या रविवारी देवळाच्या सभामंडपात सत्कार ठेवला. सुनील घरून निघाला तो खुलासा करायचा हे पक्कं करूनच. पण शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, आणि पुढ्यात माईक आला. माईक पुढ्यात आल्यावर खुलासा करणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचा आहे. सुनील बोलला. पाण्याचं नियोजन या विषयावर बोलला. "आपण" आणि "त्यांनी" असे शब्द वापरून बोलला. कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला ज्याचं शेत आहे तो मालोजी उठून उभा राहिला. या टोकाला गावात टेल म्हणतात, आणि टेलला पाणी पोचत नाही हे गावात सूर्य उगवतो इतकं जगजाहीर आहे.

"सुनील, माजं येकच काम. तिकडं टेलला पानी जातं का, तेवडं बगून ये."

"नक्की बघतो," सुनील म्हणाला, आणि टाळ्या पडल्या.

दोन दिवसांत नाक्यावर फ्लेक्स लागला. 'कालवा अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!' आणि खाली लाल अक्षरांत, 'स्वखर्चाने'. मधोमध सुनील, कुणाच्या तरी हळदीतला, काळा गॉगल लावलेला. दोन्ही बाजूंना समितीची सगळी मंडळी, वर अण्णा. नम्रता कुठेच नव्हती. तिने कर्जतला जाता येता तो फ्लेक्स रोज पाहिला. एकदा रिक्षातल्या बाईने तिला विचारलं, "वैनी, तुमीपन जाताव काय त्यांच्यासंगं?"

"बघू," नम्रता म्हणाली. "सोबत नेतायत म्हणे."

घरी सोनाबाईने शिदोरीचं मनावर घेतलं. तिकडे थंडी, म्हणजे सुकट टिकेल, असा तिचा हिशेब. सुकट, जवळा, तांदळाच्या पापड्या, भाजलेल्या तांदळाचं पीठ आणि एक बरणी लोणचं असा ऐवज काढून झाल्यावर बॅगेत कपड्यांना जागा उरली नाही. वजनाची मर्यादा आहे म्हटल्यावर बॅग भाताच्या गिरणीवर नेऊन मोठ्या काट्यावर चढवली. गिरणीवाल्याने सवयीने वजनातून पोत्याचं बारदान वजा केलं आणि "बसतंय" म्हणून सांगितलं. सुनील खूश झाला. नम्रताने गुपचूप सुकट काढून ठेवली. सोनाबाईने तितक्याच गुपचूप ती परत घातली. हा खेळ जायच्या दिवसापर्यंत चालला.

व्हिसाला कागद लागतात, आणि सगळ्यात मोठा कागद लागतो तो माणूस परत येणार याचा. "पुरावा कशाला पायजे?" सोनाबाई म्हणाली. "आमी हाव की हितं." सुनीलने सातबारा काढला. त्यावर त्याच्यासोबत इतक्या चुलतभावांची, आत्यांची आणि एका मयत काकांची नावं होती, की हर्षदने त्याचं इंग्रजी करून दिल्यावर ते एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडासारखं वाचायला लागलं. शिवाय कारखान्याचं पत्र, बँकेचं पत्र, कंपनीने दिलेलं उत्कृष्ट भांडार व्यवस्थापनाचं प्रशस्तिपत्रक आणि सत्काराचा फोटो. फाइल अशी जाड झाली की तिला दोरी बांधावी लागली. नम्रताची फाइल बारीक होती. पगाराची पावती, रजेचं पत्र, आणि का जायचंय या रकान्यात तिने स्वतः लिहिलेलं एक वाक्य: शहर बघायला आणि थोडं बसायला.

व्हिसाच्या अर्जासाठी मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी अण्णा पत्र घेऊन आले. समितीचं छापील पत्र, हर्षदकडून इंग्रजी करून घेतलेलं. श्री. सुनील भोईर हे कडाव परिसरातील शेतकऱ्यांच्या वतीने कालव्यांचा अभ्यास करण्यासाठी येत असून ते दरवाजे, मोऱ्या व पाणीवाटपाची तपासणी करतील, तेथील अधिकाऱ्यांशी चर्चा करतील, तरी संबंधित खात्याने त्यांना सर्व सहकार्य करावे. खाली सही. सहीखाली शिक्के, सगळेच, एकमेकांवर चढलेले.

"हे नको लावूया," नम्रता म्हणाली. "आपण फिरायला जातोय असं वर लिहिलंय. खाली हे."

"अगं, असू दे. वजन पडतं."

"कशावर?"

सुनीलने पत्र फाइलीत सरकवलं. आणि खरं सांगायचं तर अण्णा नाराज झाले तर पाण्याची पाळी मागे जाईल ही धास्ती खोटी नव्हती, पण तेवढीच नव्हती. 'तपासणी करतील' हा शब्द सुनीलला फार आवडला होता. आजवर त्याने बाहेरून आलेल्या मालाची तपासणी केली होती, परदेशाची कधी केली नव्हती. मुंबईला व्हिसाच्या केंद्रात काउंटरवरच्या मुलीनेही ते पत्र दोन बोटांत धरून विचारलं, "सर, हे ठेवायचंय का? सक्तीचं नाही." मागे रांग होती, शेजारी नम्रता होती. "ठेवा," सुनील म्हणाला, "सगळ्यात वर ठेवा."

पासपोर्ट परत आले ते कुरिअरने, दोन वेगळ्या पाकिटांत. कुरिअरवाल्याच्या मागोमाग अर्धी आळी ओटीवर आली, अण्णा आणि मालोजीही आले. सुनीलने मानाने आधी बायकोचं पाकीट फोडलं. आत व्हिसा होता, चकचकीत, नम्रताच्या गंभीर फोटोसह. हातोहात तो सगळ्यांनी पाहिला, सोनाबाईने त्याला कुंकू लावायला घेतलं ते कसंबसं थांबवलं. मग सुनीलने आपलं पाकीट फोडलं. त्यात पासपोर्ट होता आणि एक कागद. कागदावर कारणांची रांग होती आणि त्यातल्या एकापुढे खूण. येण्याचा हेतू पटत नाही.

"काय लिवलंय?" अण्णांनी विचारलं.

"मी कशाला येतोय ते त्यांना कळत नाही म्हणे."

"येवडं साफ लिवलं होतं की आपन!"

सुनीलने कागद परत वाचला. आपण फिरायला म्हणून अर्ज केला आणि तपासणीला म्हणून शिफारस लावली, याचा अर्थ परक्या देशातल्या साहेबाने काय लावला असेल, ते त्याला आत्ता अगदी लख्ख दिसत होतं. बाहेरून आलेल्या मालाचं बिल एक सांगतं आणि चलन दुसरं, तेव्हा तो स्वतः काय करतो? माल गेटवरून परत पाठवतो. नम्रता समोरच उभी होती. तिने "मी म्हणाले होते" असं म्हटलं असतं तर त्याला भांडता आलं असतं. ती म्हणाली नाही.

अण्णांचा मात्र धीर सुटला नव्हता. जिल्ह्याच्या पातळीवरचं पत्र आणू, शिक्का तिकडचा मारू, असं ते सांगू लागले. पण पुन्हा अर्ज करायचा तर विमान निघून जाणार होतं, आणि ते विमान परतावा नाही, तारीख बदल नाही, नाव बदल नाही, असं बजावून बसलेलं होतं. फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरला. मालोजीने तो भाताच्या उडवीवर, पेंढ्यांच्या ढिगावर, घालायला मागून नेला, कापड चांगलं होतं.

आता नम्रताचं काय, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण तो प्रश्नच नव्हता. नवरा जात नाही म्हणजे बायको जात नाही. गावाने तेवढ्यात तिचं तिकीट मनातल्या मनात फाडलंही होतं. राजेश चौकवरून येऊन सांत्वन करून गेला, "ताई, पुढच्या वर्षी बघू." हर्षद म्हणाला की त्या पैशात अष्टविनायक दोनदा होतो. नम्रता सगळ्यांचं ऐकून घेत होती आणि पतपेढीत जाऊन नोटा मोजत होती. रजेचा अर्ज तिने मागे घेतला नव्हता.

सुनील दोन दिवस कारखान्यात नुसता माल उतरवून घेत होता. तिसऱ्या दिवशी पत्र्यांची एक खेप आली, त्यातला एक पत्रा वाकलेला निघाला, आणि त्याने सवयीने शेरा मारला, खराब नग परत, बाकी माल स्वीकारला. सही करता करता त्याचा हात थांबला. एक नग खराब निघाला म्हणून सगळी खेप परत करणारा भांडारपाल त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. आणि इथे आपण काय करत होतो?

घरी येऊन त्याने जेवताना विषय काढला.

"तू जा."

सोनाबाईचा घास तोंडातच राहिला. "येकटी? तिकडं तिचं कोन हाय?"

"कुणीच नाय," नम्रता म्हणाली. हे ती अशा आवाजात म्हणाली, की सुनीलने मान वर करून बघितलं. पंचवीस वर्षांत बायकोच्या आवाजात इतका आनंद त्याने ऐकला नव्हता.

"तिकीट वाया जायला नको," सुनीलने आपली बाजू मांडली. "परतावा नाही. खोलीचे पैसेही भरलेत." बोलता बोलता तो वाट बघत होता. चार माणसांत शोभेल असं काहीतरी ती म्हणेल अशी त्याची अपेक्षा होती. तुम्ही नाही तर मी कशी जाऊ, किंवा गेला बाजार, तुमच्याशिवाय करमायचं नाही. मग तो आग्रह करणार होता, मग ती नाही म्हणणार होती, मग त्याने पुन्हा आग्रह करायचा होता.

"बरं," नम्रता म्हणाली, आणि तिने त्याला आमटी वाढली.

ते 'बरं' त्याला लागलं. आपल्याला हिला न्यायचं होतं, विमानतळावर पुढे चालायचं होतं, हिने विचारायचं होतं आणि आपण सांगायचं होतं. ते सगळं एका पत्राच्या आणि आपल्याच तोऱ्याच्या पायी गेलं. बायकोवर रागवावं तर तिने काही केलेलं नव्हतं. म्हणून तो आईवर रागावला, सुकट पुन्हा बॅगेत का घातली म्हणून.

गावाने आधी तोंडात बोटं घातली, मग पंचायत केली, मग अण्णांनी तोड काढली. सुनीलच्या ऐवजी वैनींना समितीची प्रतिनिधी म्हणून पाठवायचं. तिला निरोप द्यायला माणसं आली ती प्रश्न घेऊनच आली. तिकडे पाळी कोण लावतो, चोरून मोरी उघडली तर दंड किती, कालव्यात म्हशी सोडतात का. मालोजी सगळ्यांच्या शेवटी आला आणि दारातच उभा राहिला. "वैनी, ध्यानात हाय ना?" "हाय," नम्रता म्हणाली. सुनीलने तिला विमानतळावर सोडलं. आत जाताना ती एकदा वळली आणि हसली. सुनीलने हात केला तो उंच, तपासनीस करतात तसा.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सुनीलची पाण्याची पाळी आली. दुपार कलली होती. तो कालव्यावर फावडं घेऊन उभा होता, पाणी त्याच्या मोरीतून शेतात वळत होतं, आणि पाळी नीट सुटते की नाही हे बघायला म्हणून अण्णा, मालोजी आणि आणखी दोघे-तिघे बांधावर टेकले होते. तेवढ्यात नम्रताचा फोन आला, तोंड दिसणारा. सुनीलने हात पुसेपर्यंत सगळी डोकी फोनभोवती गोळा झाली.

तिकडे ऊन होतं, पातळ, थंडीतलं. नम्रता सुनीलचा मफलर गुंडाळून एका बाकावर बसली होती. तिने फोन फिरवून पाणी दाखवलं. काठोकाठ भरलेला कालवा, त्यात शांतपणे चाललेली एक नाव, पलीकडे उंच निमुळती घरं.

"येवडं पानी," अण्णा हळूच म्हणाले. "नी कडेला कुनी नाय?"

"दरवाजं कुठं हाईत?" दुसरा कुणीतरी म्हणाला. "वैनी, जरा डावीकडं घ्या."

सुनीलने फोन आपल्याकडे ओढला. "जेवलीस? आज काय काय बघितलंस?" त्याने तिला रोजची फुकटातली ठिकाणं काढून दिली होती.

"काही नाही. सकाळपासून इथेच बसलेय."

"का? काय झालं? पाय मुरगळला? बरं नाही वाटत?"

"काही झालं नाही हो. नुसती बसलेय."

"सकाळपासून? कुणी काही विचारलं नाही?"

"नाही," नम्रता म्हणाली. "एकानेसुद्धा नाही." आणि ती हसली. तोंडावर हात न धरता, मोठ्याने. सुनीलने ते हसणं पाहिलं आणि त्याला एकदम दोन्ही गोष्टी वाटल्या, बरंही आणि वाईटही. तिच्या शेजारी बाकावर एका माणसापुरती जागा रिकामी होती. त्याला तिथे असायला फार आवडलं असतं.

"दे हिकडं," अण्णांनी हात पुढे केला. "मी विचारतो. सूनबाय, तितं पाळी कोन लावतो गं?" "वैनी, मोरी दावा!" "वैनी, टेलला जाऊन या जरा!" मालोजीचं तोंड फोनच्या अगदी जवळ आलं होतं. फोनमध्ये नम्रता अर्धवट उठली, पर्स खांद्याला लावली, डावीकडे बघायला लागली.

सुनीलने फोन बंद केला.

"काय झालं रं?"

"रेंज गेली," सुनील म्हणाला.

"तिकडंपन जाते?" अण्णांनी विचारलं. त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

"जाते," सुनील म्हणाला. त्याने फोन पूर्ण बंद करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला, फावडं उचललं आणि मोरीपाशी साचलेला गाळ ओढायला लागला. संध्याकाळपर्यंत चारचार वेळा लोक म्हणाले, "लाव की रं परत." त्याने लावला नाही.